खूप दिवस उभी असलेली जुनी कार सुरू होत नाही? नवी बॅटरी घेण्याआधी या क्रमाने तपासा

गणपतीला गावी जायचं ठरतं, सोसायटीच्या कोपऱ्यात सहा महिने उभ्या असलेल्या जुन्या गाडीवरचं कव्हर निघतं, चावी फिरते आणि पुढे काहीच होत नाही. नाहीतर बॉनेटखालून नुसतं ‘टिक-टिक-टिक’ ऐकू येतं. जमलेल्यांपैकी कोणीतरी लगेच निदान करतं, ‘बॅटरी गेली, नवीन टाका.’ काही हजार रुपये खर्च करून नवी बॅटरी बसते, तरी गाडी पुन्हा ‘टिक’ करून गप्प बसते. मग सेल्फ बदला, मग वायरिंग बदला, असा खर्च वाढत जातो. आणि खरा दोष कधी कधी टर्मिनलवर साचलेल्या पांढऱ्या भुकटीत किंवा गंजलेल्या एका नट-बोल्टमध्ये असतो.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये महिनोन् महिने उभ्या राहिलेल्या गाड्यांनी हा अनुभव अनेकांना दिला. ज्यांच्याकडे वडिलांची मारुती ८००, जुनी झेन, सँट्रो किंवा प्रीमियर पद्मिनी आहे, त्यांना तो दर पावसाळ्यानंतर येतो. अशा वेळी सुटे भाग बदलत बसण्यापेक्षा बॅटरीपासून निघालेली वीज नेमकी कुठे अडते, हे क्रमाने शोधणं स्वस्त पडतं. त्यासाठी एक साधा मल्टिमीटर, १० नंबरचा पाना आणि अर्धा-एक तास पुरतो.

उभी असलेली गाडी बिघडते कशी?

गाडी चालली नाही म्हणजे झीज झाली नाही, असं वाटतं. विजेच्या बाबतीत मात्र उलट होतं. उभ्या गाडीत तीन गोष्टी हळूहळू घडत असतात.

पहिली गोष्ट, बॅटरी आपोआप उतरते. लेड-अ‍ॅसिड बॅटरीतला चार्ज काहीही जोडलेलं नसतानाही थोडा थोडा कमी होतो आणि उन्हाळ्यात हा वेग वाढतो. त्यात घड्याळ, म्युझिक सिस्टीम, बाहेरून बसवलेलं सेंट्रल लॉक किंवा अलार्म गुपचूप वीज खात असतात. हिशेब सोपा आहे. गाडी बंद असताना ५० मिलीअँपिअर वीज जात असेल, तर दिवसाला १.२ अँपिअर-तास खर्च होतात. लहान गाडीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी या वेगाने साधारण महिन्याभरात पूर्ण रिकामी होते. आणि बॅटरी बराच काळ रिकामी राहिली, की आतल्या प्लेटांवर लेड सल्फेटचे कडक खडे धरतात. मग ती चार्जिंगला लावली तरी पूर्वीसारखी ताकद येत नाही.

दुसरी गोष्ट, जोड गंजतात. बॅटरीचं टर्मिनल, बॉडीला आणि इंजिनला जोडलेली अर्थची पट्टी, फ्यूजचे पाय या सगळ्यांवर दमट हवेत गंजाचा थर चढतो. कोकणात आणि मुंबईसारख्या समुद्राकाठच्या शहरांत हे लवकर होतं.

तिसरी गोष्ट, उंदीर. उभ्या गाडीचं बॉनेट म्हणजे उंदरांना आयतं घर. ते वायरी कुरतडतात आणि एअर फिल्टरच्या डब्यात कापूस-कागदाचं घरटं करतात.

चावी लावण्याआधी

खूप दिवसांनी गाडी उघडल्यावर पहिल्याच झटक्यात सेल्फ मारू नये. आधी बॉनेट उघडून पाच मिनिटं नीट बघावं.

- पेट्रोलचा वास येतोय का? येत असेल तर गळती सापडेपर्यंत विजेच्या कुठल्याही जोडाला हात लावू नये. एका ठिणगीने आग लागू शकते.
- उंदरांच्या लेंड्या, कुरतडलेलं प्लास्टिक, उघडी पडलेली तांब्याची तार दिसते का? दिसली तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवावी आणि आधी ती तार दुरुस्त करून घ्यावी.
- बॅटरी फुगलेली, चिरलेली किंवा गळत आहे का? अशी बॅटरी चार्ज करू नये आणि तिला जम्पर केबलही लावू नये. ती बदलणं हाच उपाय.
- झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर पाण्याची पातळी बघावी. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील इतकंच डिस्टिल्ड वॉटर घालावं, चार्जिंगनंतर खुणेपर्यंत भरावं. नळाचं पाणी चालत नाही.
- गाडी वर्षभर किंवा त्याहून जास्त उभी असेल तर इंजिन मोकळं फिरतंय का, हे बघावं. सपाट जागेवर, चावी बंद ठेवून, गिअरची गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून हलकेच पुढेमागे ढकलावी. इंजिन किंचित फिरल्याचं जाणवलं पाहिजे. चाकं मोकळी असूनही ते अजिबात हलत नसेल तर ते आतून जाम असू शकतं. जाम इंजिनची लक्षणं हुबेहूब बॅटरी उतरल्यासारखी असतात, आणि जबरदस्तीने सेल्फ मारला तर सेल्फही जळतो.

आवाज ऐका, अर्धं निदान तिथेच होतं

गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावलेला. हेडलाइट चालू करा आणि चावी ‘स्टार्ट’पर्यंत फिरवा. काय ऐकू येतं आणि दिव्यांचं काय होतं, या दोन्हींकडे लक्ष द्या.

१. डॅशबोर्डवर एकही दिवा नाही, हेडलाइटही लागत नाही. बॅटरी पूर्ण उतरली आहे, टर्मिनल सुटलं आहे किंवा मुख्य फ्यूज उडाला आहे.

२. भराभर ‘टिक-टिक-टिक’, दिवे मंदावतात. सेल्फला हवी तेवढी वीज मिळत नाही. बॅटरी उतरली आहे किंवा जोड गंजला आहे. बहुतेक उभ्या गाड्या याच गटात मोडतात.

३. एकच ‘खट्ट’ आणि शांतता. दिवे खूप मंदावले तर कमजोर बॅटरी, खराब जोड किंवा जाम इंजिन. दिवे तसेच लख्ख राहिले तर संशय सेल्फच्या आतल्या संपर्कांवर किंवा कार्बनवर जातो.

४. दिवे लख्ख, पण आवाजच नाही. चावीपासून सेल्फपर्यंत हुकूमच पोहोचत नाही. इग्निशन स्विच, रिले, फ्यूज किंवा मधली बारीक वायर तपासावी. ऑटोमॅटिक गाडीत गिअर ‘पी’ किंवा ‘एन’वर आहे ना, तेही बघावं.

५. सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पकडत नाही. बॅटरी आणि सेल्फ निर्दोष आहेत. दोष ठिणगीत किंवा पेट्रोलमध्ये आहे.

मल्टिमीटर काय सांगतो?

काहीशे रुपयांना मिळणारा डिजिटल मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. लाल टोक बॅटरीच्या प्लसवर, काळं मायनसवर. गाडी बंद आणि काही तास न चाललेली असावी. १२ व्होल्टच्या बॅटरीत प्रत्येकी साधारण २.१ व्होल्टचे सहा सेल असतात, म्हणून आकडे असे वाचायचे:

- १२.६ किंवा जास्त: पूर्ण चार्ज
- १२.४: सुमारे पाऊण
- १२.२: सुमारे अर्धी
- १२.० च्या आसपास: जवळजवळ रिकामी
- चार्जिंग करूनही १०.५ च्या आसपासच: बहुधा एक सेल मेला आहे, बॅटरी बदलावी लागेल

नुसता हा आकडा बघून समाधान मानू नये. जुनी बॅटरी १२.५ दाखवते आणि सेल्फ मारताच कोसळते. म्हणून दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगून त्या क्षणी आकडा बघावा. तो साधारण ९.६ व्होल्टच्या खाली जायला नको. सात-आठवर आला तर बॅटरीत दम नाही किंवा सेल्फ प्रमाणाबाहेर वीज ओढतोय. दोन्हीतलं खरं काय, ते बॅटरीच्या दुकानात होणाऱ्या लोड टेस्टमध्ये कळतं.

बॅटरी नुसती उतरली असेल तर लगेच नवी घेऊ नये. आधी ती संथ चार्जिंगला लावावी. ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीला साधारण साडेतीन अँपिअरने दहा-बारा तास लागतात. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, म्हणून ती हवेशीर जागी ठेवावी आणि जवळ विडी-सिगारेट, निरांजन, गॅस नको. चार्जिंगनंतर एक रात्र तशीच ठेवावी. सकाळी १२.६ च्या आसपास टिकली आणि लोड टेस्टमध्ये पास झाली, तर पैसे वाचले.

बॅटरी चांगली, तरी ‘टिक’? जोड बघा

नवी बॅटरी बसवूनही गाडी सुरू न होण्याचं कारण बहुतेक वेळा इथे सापडतं. दिव्याला चार-पाच अँपिअर वीज लागते, सेल्फला शंभर किंवा त्याहून जास्त. गंजलेल्या जोडात समजा फक्त ०.०५ ओहमचा अडथळा आहे. पाच अँपिअरच्या दिव्यासाठी तिथे पाव व्होल्ट वाया जातो, कोणाच्या लक्षातही येत नाही. शंभर अँपिअर ओढणाऱ्या सेल्फसाठी त्याच जोडात पाच व्होल्ट वाया जातात आणि सेल्फपर्यंत निम्मीच ताकद पोहोचते. ‘हॉर्न वाजतो, लाइट लागते, मग गाडी का सुरू होत नाही?’ या नेहमीच्या प्रश्नाचं उत्तर हेच आहे.

साफसफाईची रीत अशी. हातातली अंगठी, कडं काढून ठेवा. आधी निगेटिव्ह वायर काढा, मग पॉझिटिव्ह. उलट केलं आणि पाना चुकून बॉडीला टेकला, तर थेट शॉर्ट होतो. पांढरी-हिरवी भुकटी खाण्याचा सोडा टाकलेल्या कोमट पाण्याने धुवा, पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. डोळ्यांत आणि हातावर भुकटी उडू नये याची काळजी घ्या, त्यात अ‍ॅसिड असतं. टर्मिनल आणि बॅटरीचा खांब पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत घासा. आधी पॉझिटिव्ह, मग निगेटिव्ह घट्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा.

यानंतर अर्थ. निगेटिव्ह वायर एका ठिकाणी बॉडीला आणि एका ठिकाणी इंजिनला किंवा गिअरबॉक्सला बांधलेली असते. तिथला बोल्ट काढून खालचा रंग आणि गंज खरवडावा. मल्टिमीटरने खात्री करता येते:

- अर्थची बाजू: एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर. सेल्फ मारताना ०.२ व्होल्टच्या आसपास किंवा कमी यायला हवं.
- पॉझिटिव्हची बाजू: एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर, दुसरं सेल्फच्या जाड वायरच्या बोल्टवर. सेल्फ मारताना ०.५ व्होल्टपेक्षा जास्त नको.

आकडा यापेक्षा बराच मोठा आला तर त्याच बाजूची वायर किंवा जोड दोषी. मीटर नसेल तरी एक खूण आहे: सेल्फ मारल्यावर अ‍ॅक्सिलरेटरची किंवा क्लचची केबल गरम लागत असेल, तर इंजिनची अर्थ तुटली आहे आणि वीज त्या केबलमधून वाट काढते आहे.

मग सेल्फची पाळी

बॅटरी आणि जोड ठीक असतील तर सेल्फवर येणारी बारीक वायर तपासा. चावी ‘स्टार्ट’वर असताना तिथे दहा व्होल्टपेक्षा जास्त यायला हवेत. आले नाहीत तर दोष मागे, म्हणजे इग्निशन स्विच, रिले किंवा फ्यूजमध्ये. आले, जाड वायरवरही वीज आहे, इंजिन मोकळं आहे, आणि तरी सेल्फ फिरत नाही, तर सेल्फच खराब.

अशा वेळी मेकॅनिक सेल्फवर हलकेच ठोकतात आणि कधी कधी गाडी सुरू होते. अडकलेले कार्बन किंवा सोलेनॉइड क्षणभर मोकळे होतात, एवढंच. ही तात्पुरती सोय आहे. बऱ्याच जुन्या गाड्यांच्या सेल्फचे कार्बन, बुश आणि सोलेनॉइड वेगळे बदलून मिळतात. त्यामुळे पूर्ण नवा सेल्फ घेण्याआधी ऑटो इलेक्ट्रिशियनला तो खोलून दाखवायला सांगावं.

फ्यूज बदलताना तेवढ्याच अँपिअरचा घालावा. उडालेल्या फ्यूजच्या जागी तार गुंडाळणं म्हणजे वायरिंगला आग लावण्याची तयारी. नवा फ्यूजही लगेच उडाला तर कुठेतरी शॉर्ट आहे, बहुधा उंदरांनी कुरतडलेल्या जागी.

सेल्फ फिरतो, पण इंजिन पकडत नाही

इथे गाडी कार्बोरेटरची आहे की एमपीएफआय, यावर पुढची वाट ठरते. भारतात साधारण २००० च्या आसपास पेट्रोल गाड्या कार्बोरेटरकडून एमपीएफआयकडे वळल्या.

कार्बोरेटरच्या गाडीत डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडून आत ओलावा, हिरवा थर किंवा तडा आहे का, ते बघावं. कोरड्या कापडाने पुसून पुन्हा बसवल्यावरही फरक पडतो. पॉइंट असलेल्या अगदी जुन्या गाड्यांमध्ये उभ्या काळात पॉइंटवर थर चढतो, तो बारीक पॉलिश पेपरने काढावा लागतो. प्लगच्या वायरी कुरतडलेल्या नाहीत ना, हेही बघावं. ठिणगी तपासताना उघडी वायर हातात धरू नये, तिथे हजारो व्होल्ट असतात.

एमपीएफआय गाडीत चावी ‘ऑन’ केल्यावर मागच्या सीटखालून किंवा टाकीकडून एक-दोन सेकंद बारीक गुणगुण ऐकू यायला हवी. तो पेट्रोल पंपाचा आवाज. तो नसेल तर पंपाचा फ्यूज आणि रिले आधी, पंप नंतर. डॅशबोर्डवर चावीचं चिन्ह लुकलुकत असेल तर इमोबिलायझर चावी ओळखत नाही. दुसरी चावी लावून बघावी.

वीज सगळीकडे ठीक असेल तर टाकीतलं पेट्रोल तपासा. सहा महिन्यांत पेट्रोलमधले लवकर पेटणारे घटक उडून जातात आणि इथेनॉलमिश्रित पेट्रोल हवेतला ओलावा शोषतं. वार्निशसारखा उग्र वास आला तर ते काढून ताजं पेट्रोल भरावं.

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि मध्ये एक-दोन मिनिटं थांबावं. सलग मारत राहिलं तर सेल्फ तापतो आणि नवा खर्च उभा राहतो.

जम्पर केबल आणि धक्का

शेजाऱ्याच्या गाडीवरून स्टार्ट करायचं असेल तर ती गाडीही १२ व्होल्टचीच हवी. ट्रकची २४ व्होल्टची बॅटरी लावू नये. दोन्ही गाड्या बंद, एकमेकींना न टेकता उभ्या. क्रम असा:

१. लाल केबल उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला.
२. लाल केबलचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला.
३. काळी केबल चांगल्या बॅटरीच्या मायनसला.
४. काळ्या केबलचं दुसरं टोक बंद गाडीच्या इंजिनवरच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब.

शेवटच्या जोडाला ठिणगी उडते. ती बॅटरीजवळच्या हायड्रोजनपासून दूर उडावी, म्हणून चौथी पायरी अशी आहे. चांगली गाडी सुरू करून पाच-दहा मिनिटं थांबा, मग बंद गाडीचा सेल्फ मारा. सुरू झाल्यावर केबल उलट्या क्रमाने काढा. लाल-काळं उलट लागलं तर फ्यूज, अल्टरनेटर आणि एमपीएफआय गाडीतला ईसीएम जाऊ शकतो.

धक्का मारून सुरू करणं फक्त गिअरच्या गाडीला जमतं. इंजिन सुरू नसताना ब्रेकला बूस्टरची मदत नसते आणि महिनोन् महिने उभ्या गाडीच्या ब्रेकचा भरवसाही नसतो. उतारावर हा प्रयोग करू नये. बॅटरी पूर्ण रिकामी असेल तर एमपीएफआय गाडी धक्क्यानेही सहसा सुरू होत नाही, कारण पंप आणि ईसीएमलाच वीज नसते.

सुरू झाली, आता पुढे?

इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. १२.५ च्या आसपासच राहिले किंवा डॅशबोर्डवर बॅटरीचा दिवा पेटलेला राहिला, तर अल्टरनेटर चार्ज करत नाही. आधी त्याचा पट्टा सैल किंवा चिरलेला आहे का, ते बघा. पूर्ण उतरलेली बॅटरी सोसायटीभोवती दोन चकरा मारून भरत नाही. तिला चार्जरच लावावा.

दोन-चार दिवसांत बॅटरी पुन्हा उतरली तर गळती शोधावी. निगेटिव्ह वायर काढून तिच्या आणि खांबाच्या मध्ये मल्टिमीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर जोडा. चावी आणि दिवे बंद, दारं बंद. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारू नका. काही मिनिटांनी ५० मिलीअँपिअरपेक्षा बरंच जास्त दिसत असेल, तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा पडतो, त्या लाइनवर दोष. बाहेरून बसवलेली म्युझिक सिस्टीम, अलार्म आणि डिकीतला न विझणारा दिवा आधी बघावेत.

गाडी पुन्हा महिनाभर उभी राहणार असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. मात्र म्युझिक सिस्टीमला कोड असेल तर तो आधी लिहून ठेवावा. शक्य असेल तर दर पंधरा दिवसांनी गाडी अर्धा तास चालवावी. नुसती जागेवर पाच मिनिटं चालू करून बंद केल्याने बॅटरीतून गेलेली वीजही नीट भरून येत नाही.

आणि रस्त्यावर काढण्याआधी ब्रेक, टायर, विमा, पीयूसी बघावं. खासगी कारची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. ती मुदत संपली नाही ना, हेही तपासावं.

एवढं करूनही दोष सापडला नाही तर ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलवावं. पण फोनवर नुसतं ‘गाडी सुरू होत नाही’ असं सांगू नये. ‘बॅटरी १२.५ दाखवते, सेल्फ मारताना ११ वर येते, अर्थ साफ केली आहे, एकच खट्ट आवाज येतो,’ असं सांगितलं तर त्याचा वेळ वाचतो आणि गरज नसलेला भाग तुमच्या माथी मारला जात नाही.